तीन हातांचे अंतर

(द्वितीय वर्ष, कला)

माणसांचे फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी, हा प्रश्न आता आमच्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावरही ऐकू येतो. लग्नसराईत फोटो काढून शिक्षणाचा खर्च भागवणारी मुले आपल्यात आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणारी आहेत. हप्त्याने कॅमेरा घेण्याच्या विचारात असलेली तर पुष्कळच आहेत. प्रश्न निघाला की सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो, "लांब पल्ल्याची घे, समोरच्याला पत्ताही लागत नाही." दुसरा म्हणतो, "मागचं सगळं धूसर करणारी घे, फोटो एकदम भारी दिसतो." तिसरा म्हणतो, "लेन्स कशाला? मोबाईल काय वाईट आहे?" या चर्चेत किंमत येते, कंपनी येते, आकडे येतात. ज्याचा फोटो काढायचा तो माणूस मात्र येत नाही. त्याच्यापासून आपण किती अंतरावर उभे राहणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. लेन्स निवडणे म्हणजे अंतर निवडणे होय. आणि आपल्यासारख्या खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी हे अंतर विचारपूर्वक निवडले पाहिजे.

हे सांगण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. मी फोटोग्राफीचा अभ्यासक्रम केलेला नाही. माझा विषय मराठी. पण माझ्या चुलत भावाचा फुलंब्रीत लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय आहे. हळदीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात पुरुष फोटोग्राफर शिरला की बायका अवघडतात, गाणी थांबतात. म्हणून गेल्या दोन लग्नसराईंत तो मला बरोबर नेतो. त्याचा जुना कॅमेरा आणि तीन लेन्स यांवर माझे शिक्षण झाले. जे लिहिते आहे ते या अनुभवावरचे आहे.

प्रथम लेन्सवरचे आकडे समजून घेऊ. लेन्सवर १८, ३५, ५०, ८५, २५० असे मिलिमीटरचे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका दूरचा माणूस जवळ दिसतो, हे सर्वांना ठाऊक असते. मी हा हिशेब आपल्या ओळखीच्या मापात करून पाहिला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात, म्हणजे साधारण दीड फूट. आपल्यापैकी बहुतेकांकडे असतो तसा लहान सेन्सरचा कॅमेरा उभा धरला आणि माणसाचा डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो घ्यायचा ठरवला, तर १८ च्या लेन्सने त्याच्यापासून एका हातावर उभे राहावे लागते. ३५ ने दोन हातांवर, ५० ने तीन हातांवर, ८५ ने पाच हातांवर. आणि २५० ने? जवळजवळ पंधरा हातांवर!

आता या अंतराने चेहऱ्याचे काय होते ते पाहा. आपल्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे दहा-बारा सेंटिमीटरचे अंतर असते. कॅमेरा नाकापासून एका हातावर असला तर कान त्या मानाने बराच दूर पडतो. मग फोटोत नाक कानाच्या प्रमाणात चतुर्थांशाने मोठे उमटते. मोबाईलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने जवळून काढलेल्या फोटोत चेहरा फुगल्यासारखा दिसतो, त्याचे कारण हेच. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद दृष्टीची असते, म्हणून ती आपल्याला जवळ ढकलते. तीन हातांवर गेलो की हा फरक दहा टक्क्यांच्या आत येतो आणि माणूस आपल्याला रोज दिसतो तसा दिसू लागतो. पंधरा हातांवरून तो चपटा होतो, भिंतीवर चिकटवल्यासारखा. पुष्कळांना वाटते की ही सगळी लेन्सची करामत आहे. खरे म्हणजे चेहऱ्याचे प्रमाण अंतराने ठरते. लेन्स फक्त त्या अंतरावर आपल्याला उभे करते.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तीन हातांवरून माणसाशी साध्या आवाजात बोलता येते. ओसरीवर बसलेल्या म्हातारीला "काय चाललंय बाई?" असे विचारता येते, आणि तिने काय सांगितले ते ऐकू येते. पंधरा हातांवरून हाक मारावी लागते, आणि लांबची लेन्स घेणारा बहुधा हाकही मारत नाही. समोरच्याला कळू नये यासाठीच तर त्याने ती घेतलेली असते.

"कॅन्डिड फोटोग्राफी" हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. लग्नाच्या पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे लावतात. माणसाला पोज न देता, तो सहज वागत असताना घेतलेला फोटो, असा त्याचा अर्थ. या प्रकाराचा उगम शोधताना मला एक मजेदार गोष्ट सापडली. जर्मनीत १९२० नंतरच्या दशकात एर्मानॉक्स नावाचा लहान कॅमेरा निघाला. त्याच्या लेन्सचे तोंड प्रथम एफ २ आणि पुढे एफ १.८ इतके मोठे उघडत असे. डॉ. एरिख सालोमन या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या गृहस्थाने १९२८ च्या सुमारास हा कॅमेरा घेऊन, झगझगीत दिव्याविना, न्यायालयांत आणि राजकीय परिषदांत फोटो काढले. कधी तर कॅमेरा टोपीत लपवून! "कॅन्डिड कॅमेरा" हा शब्दप्रयोग त्याच्याच फोटोंमुळे रूढ झाला. पण सालोमन लपत होता तो कोणापासून? मंत्री, मुत्सद्दी, न्यायाधीश यांच्यापासून. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना नकळत टिपणे ही एक गोष्ट, आणि कापूस वेचणाऱ्या बाईला नकळत टिपणे ही अगदी दुसरी. पहिल्यात धाडस आहे. दुसऱ्यात कसले धाडस?

आमचे गाव छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हंगामात या रस्त्याने पर्यटकांच्या गाड्या जातात. कधी एखादी गाडी थांबते, काच खाली होते, लांब नळीची लेन्स बाहेर येते. शेतात वाकलेल्या बायांचे फोटो निघतात आणि गाडी पुढे जाते. त्या फोटोंचे पुढे काय होते, ते कोणत्या भिंतीवर लागतात, हे त्या बायांना कधीच कळत नाही. आमची आजी अशा बायांत कैकदा होती. ती एकदा म्हणाली, "फोटो काढायचा तं सांगून काढा ना बाबा. पदर तरी नीट घेतला असता." तिचा फोटोला विरोध नव्हता. आपल्याला विचारले गेले नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. आणि मला विचाराल तर ते फार मोठे म्हणणे होते.

आपल्या माणसांचे फोटो आजवर कोणी आणि कशासाठी काढले, याचा थोडा विचार करा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात फोटोग्राफीची कला चांगली बहरली होती. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे नाव आजही जगभर आदराने घेतले जाते. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर नवाब आले, साहेब आले, शिकारी आल्या, राजवाडे आले. आमच्या पणजोबांच्या पिढीतला शेतमजूर स्टुडिओत कशाला जाईल? पुढे स्वातंत्र्य आले, पण गरिबाच्या घरी कॅमेरा आला तो सरकारी कामासाठी. १९९३ पासून मतदारांसाठी फोटोची ओळखपत्रे आली. मग २०१० साली, आपल्याच महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. त्यानंतर गावोगाव शिबिरे झाली आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा फोटो निघाला. ही सोय झाली, ते चांगलेच झाले. पण तो फोटो माणूस ओळखता यावा म्हणून आहे, माणूस कळावा म्हणून नाही. रांगेत उभे राहा, टोपी काढा, इकडे बघा, झाले!

आणि माणूस गेल्यावर काय होते? घाईघाईने फोटो शोधला जातो. आधार कार्डावरचा तो टिचभर फोटो मोठा करून घेतात, त्यावर कोट-टाय चिकटवून देणारेही आहेत. तोच चौकटीत बसतो, त्यालाच हार चढतो, "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या फलकावरही तोच लागतो. आमच्या घरात आजोबांचा असाच फोटो आहे. आजोबा हसले की त्यांचा एक डोळा बारीक व्हायचा. त्या फोटोत दोन्ही डोळे सारखे आहेत, विस्फारलेले, कोणीतरी दरडावल्यासारखे. माझ्या लहान भावाला आजोबा आठवत नाहीत. त्याच्यासाठी आजोबा म्हणजे तोच चेहरा. किती घरांत असे झाले असेल!

म्हणजे आपल्या माणसांकडे कॅमेऱ्याने दोनच अंतरांवरून पाहिले आहे. एक टेबलापलीकडचे, कचेरीचे अंतर. दुसरे रस्त्यावरचे, परक्याचे अंतर. मधले अंतर रिकामे आहे. ओळखीच्या माणसाने ओसरीवर बसून, गप्पा मारत काढलेला फोटो त्या अंतरावर निघतो. तो कोण काढणार? घरात पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या आपल्याखेरीज दुसरे कोण?

हे अंतर राखून मोठे काम केलेली माणसे आपल्याकडे आहेत. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले, ते जरूर पाहावेत. घाणीत उतरलेल्या त्या माणसांच्या इतक्या जवळ उभे राहून ते घेतलेले आहेत, की पाहणाऱ्याला नाकावर रुमाल धरावासा वाटावा. आणि तरीही त्या कामगारांची मान कोठे खाली जात नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरत. त्याची लेन्स बदलता येत नाही. माणूस जवळ हवा असेल तर आपणच पुढे जायचे. फ्रान्सचा हेन्री कार्तिए-ब्रेसाँ १९४७ च्या अखेरीस भारतात आला, आणि ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येच्या काही वेळ आधी, त्यांना भेटला होता. सहज वागणारी माणसे टिपण्यात त्याच्याइतके नाव क्वचितच कोणाचे झाले असेल. त्याची आवडती लेन्स होती ५० ची. त्याच्या फिल्मच्या कॅमेऱ्यावरची ५० म्हणजे आपल्या लहान सेन्सरवरची साधारण ३५. म्हणजे तो दोन-तीन हातांपासून चार-सहा पावलांपर्यंतच्या माणसांतच वावरत होता.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. माणसांच्या फोटोंसाठी पहिली लेन्स घ्यायची तर ५० मिलिमीटर, एफ १.८ ही घ्यावी. कारण एक, वर सांगितलेले तीन हातांचे अंतर. कारण दुसरे, उजेड. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पत्र्याच्या खोलीत, चुलीपुढे, एका खिडकीच्या उजेडात याचे मोल कळते. जिथे सेकंदाच्या दहाव्या भागात फोटो हलून जातो, तिथे शंभराव्या भागात तो स्वच्छ येतो. फ्लॅश मारून समोरच्याचे डोळे दिपवावे लागत नाहीत. अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशला बंदीच आहे. तिथे सहलीला जाऊन ज्यांनी साध्या लेन्सने फोटो काढले, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तिसरे कारण किंमत. नवी घेतली तर ही लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते, जुनी त्याहून बरीच कमी. निकॉनचा साधा कॅमेरा असेल तर एक काळजी घ्यावी. जुन्या "डी" प्रकारची ५० त्यावर आपोआप फोकस करत नाही, "जी" प्रकारचीच घ्यावी. जुनी लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे.

घरात मात्र ५० अपुरी पडते. उभ्या माणसाचा पायांपर्यंत फोटो घ्यायला तिला नऊ-दहा हात मागे जावे लागते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तेवढी जागा कुठली? भिंतीला पाठ लावूनही पाय कापले जातात. भाकरी थापणारी आई, तिच्यामागची उतरंड, दारात डोकावणारी शेळी, हे सगळे एकत्र हवे असेल तर ३५ लागते. म्हणून दुसरी लेन्स ३५. पैसे उरले तर ८५ घ्यावी. न उरले तरी फारसे बिघडत नाही.

आता मागचे सगळे धूसर करण्याच्या फॅशनविषयी. एफ १.८ ची लेन्स हाती आली की प्रत्येक फोटो एफ १.८ वरच काढायचा, असा जणू नियम झाला आहे. तीन हातांवर, त्या उघडीपीत, जेमतेम पाच सेंटिमीटरचा पट्टा स्वच्छ येतो. डोळे स्पष्ट, कान धूसर. नवरीच्या फोटोला ते शोभते. पण आद्रकीच्या ढिगाशेजारी बसलेल्या बाजारातल्या बाईच्या मागचा बाजार पुसून टाकला, तर उरले काय? एक सुरकुतलेला चेहरा, जो कुठलाही असू शकतो. तिचा तराजू, तिचे पोते, पलीकडची तिची गिऱ्हाइके हाच तर तिचा परिचय. आपले गाव आपणच धूसर का करावे? उजेड असेल तिथे एफ ५.६ वर यावे. लेन्सचे तोंड मोठे उघडते म्हणून ते सदैव उघडेच ठेवले पाहिजे असे थोडेच आहे!

माझ्या मतावर आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की विचारून फोटो काढला तर माणूस ताठ बसतो, मग सहजपणा कुठला? हे खरे आहे, पण पहिल्या पाच मिनिटांपुरते. माणूस हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून बसतो. तो फोटोही काढावा, कारण त्याला तसेच दिसायचे असते. मग कॅमेरा खाली ठेवून चहा घ्यावा, पाऊसपाण्याचे बोलावे. चहा संपेपर्यंत तो कॅमेरा विसरतो. हळदीच्या घरात मी हे कितीदा पाहिले आहे. लपून मिळतो त्यापेक्षा हा सहजपणा अधिक खरा असतो, कारण तो त्याने आपल्याला दिलेला असतो.

दुसरा आक्षेप असा की लांबच्या लेन्सला तू उगाच दोष देतेस. मुळीच नाही. कुस्तीचा फड, कीर्तनात रंगलेले बुवा, स्नेहसंमेलनाचे व्यासपीठ, विहिरीच्या काठावरचा बगळा, इथे जवळ जाणे शक्य नसते किंवा गेलो तर रसभंग होतो. तिथे ती जरूर वापरावी. माझे म्हणणे एवढेच की जिथे चार पावले चालून जाता येते, तिथे चालण्याऐवजी लेन्स लांब करू नये.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा. दहा हजार रुपये म्हणजे आमच्यासारख्या घरात बियाण्या-खताचा हिशेब असतो. वडिलांपुढे असा आकडा उच्चारताना जीभ अडखळते. म्हणून माझा सल्ला आहे की आधी काहीच विकत घेऊ नये. असलेली १८-५५ ची लेन्स ५० वर न्यावी, तिच्या रिंगवर चिकटपट्टी लावावी आणि महिनाभर तशीच वापरावी. पुढे-मागे व्हायचे ते पायांनी. उजेड कमी पडेल, पण अंतराची सवय फुकटात होईल. महिन्याने चिकटपट्टी काढावीशी वाटली, तर समजावे की ही लेन्स आपली नव्हे आणि दहा हजार वाचले. कॅमेराच नसेल तर मोबाईलमध्ये दुप्पट जवळ आणण्याची सोय असते, ती लावून दोन हात मागे उभे राहावे. चेहरा लगेच सुधारतो.

शेवटी दोन सूचना. पहिली माझ्या मित्र-मैत्रिणींना. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा एक तरी फोटो तीन हातांवरून काढा. विचारून काढा. तो मोबाईलमध्ये ठेवू नका. त्याचा कागदावर प्रिंट काढून ज्याचा आहे त्याच्या हाती द्या. एका प्रिंटला दोन-तीन कप चहाइतकेच पैसे पडतात. त्यांना तो आवडला नाही तर पुन्हा काढा. भिंतीवर कोणता लागावा, हे त्यांनी जिवंतपणी ठरवू द्या.

दुसरी सूचना आमच्या प्राध्यापकांना, नम्रपणे. आपल्या ग्रंथालयातून आम्हांला महागडी पुस्तके आठ दिवसांसाठी मिळतात, म्हणून आमच्यासारख्यांचे शिक्षण चालू आहे. त्याच नियमाने एक ५० ची आणि एक ३५ ची लेन्स ग्रंथालयात ठेवता येणार नाही काय? ओळखपत्र जमा करावे, आठ दिवसांनी परत करावी, उशीर झाला तर दंड भरावा. त्या लेन्सने काढलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत, त्या माणसाचे नाव, गाव आणि त्याची परवानगी यांसह ग्रंथालयात जमा व्हावी. पाच वर्षांत फुलंब्री तालुक्यातल्या माणसांचा असा संग्रह उभा राहील, जो आज कोणत्याही कचेरीत नाही. पुढच्या वार्षिकांकाची चार पाने त्याला दिली, तर ते फोटो पाहायला आमचे आईवडील पहिल्यांदा महाविद्यालयात येतील, अशी माझी खात्री आहे.